सावित्रीमाईंच्या नावाचे प्रमाणपत्र

मागच्या पावसाळ्यात पिंपरीतल्या माझ्या ऑफिसात एक मुलगी आली. आमच्याच वस्तीत वाढलेली. वडील लातूरकडून येऊन भोसरीच्या एमआयडीसीत हेल्परी करता करता थकले, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी बी.ए. झाली, मग दोन वर्षांचे बी.एड. केले, टीईटीही पास झाली. आणि काम काय करते? चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीवर रबराचे सुटे भाग तपासून खोक्यात भरते. पहिल्या पाळीला पहाटे पाच वाजता चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत उभी राहते.

तिची तक्रार नोकरीची नव्हतीच. तिची तक्रार कागदाची होती. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून आलेली नाही म्हणून ज्या संस्थेत तिने बी.एड. केले त्या संस्थेने तिची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली होती. एका शाळेत मुलाखतीचा योग आला, तिथे मूळ कागद मागितले आणि ही रिकाम्या हाताने परत आली. संस्थेचे नाव मी इथे देत नाही. अशी संस्था एकच असती तर नाव देऊन मोकळा झालो असतो.

त्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव कोणते आहे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. २०१४ च्या ऑगस्टमध्ये हे नाव मिळाले. त्याआधी किती मोर्चे, किती निवेदने, किती ठराव झाले हे या दैनिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. ज्या बाईच्या नावासाठी आपण रस्त्यावर उतरलो, त्या बाईच्या नावाचा कागद आमच्या मुलीने दोन वर्षे राबून मिळवला आणि तो कुणाच्या तरी लोखंडी कपाटात कुलूपबंद पडला. संस्थेला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा लिहिता लिहिताच मला हा लेख सुचला.

दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या वस्त्यावस्त्यांतून सावित्रीमाईंची जयंती होते. लाऊडस्पीकर लागतो, शाळेच्या मुली काठापदराचे लुगडे नेसून येतात, वक्ते येतात. बहुतेक भाषणांत शेणगोळे येतात, दगड येतात, पिशवीतले दुसरे लुगडे येते. ते सारे खरे आहे, मी ते नाकारत नाही. परंतु बाईने सोसले एवढेच आपण सांगत राहिलो आणि बाई शिकली, ती कशी शिकली, शिकवायला कशी शिकली हे सांगायचे राहून गेले. पहिली शिक्षिका हे बिरुद आपण उठता बसता लावतो. पण त्या रीतसर प्रशिक्षण घेऊन वर्गात उभ्या राहिल्या होत्या ही गोष्ट भाषणात एका वाक्यात उरकली जाते. माझ्या मते त्यांच्या आयुष्याची किल्ली तिथेच आहे.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात नायगाव. तिथल्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीमाईंचा जन्म झाला. १८४० साली लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. त्या काळच्या चालीप्रमाणेच सगळे. सासरी आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. घरात सगुणाबाई क्षीरसागर होत्या, जोतीरावांना आईच्या मायेने वाढवणाऱ्या. मिशनऱ्याच्या घरी काम करता करता त्यांना इंग्रजी बोललेले समजू लागले होते. शेतात कामाच्या मधल्या वेळात जोतीराव या दोघींना शिकवीत. शिक्षणावर मक्तेदारी सांगणाऱ्यांच्या वाड्यात हे घडले नाही, माळ्याच्या मळ्यात घडले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढच्या अभ्यासाला जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी हातभार लावला. दोघेही ब्राह्मण. जे खरे आहे ते आपण लपवत नाही, लपवायचे कारणही नाही. भवाळकर स्वतः शिक्षक होते आणि शिक्षिका तयार करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते.

लिहिता वाचता येणे आणि शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळच्या पुण्यात फार थोड्यांना उमगले होते. पंतोजीची शाळा म्हणजे धूळपाटी, परवचा आणि छडी. ज्याला स्वतःला येते तो शिकवतो, झाले. मुलाला आले नाही तर दोष मुलाचा. मिशनऱ्यांनी इथे नॉर्मल स्कूल नावाची गोष्ट आणली. नॉर्मल स्कूल म्हणजे शिकवायचे कसे हे जिथे शिकवतात ती शाळा. वर्ग कसा लावायचा, मुलांच्या तुकड्या कशा पाडायच्या, सोप्यापासून अवघडाकडे कसे जायचे, काल काय शिकवले त्याची आज तपासणी कशी करायची, याची विद्या. आज आपण जिला शिक्षणशास्त्र म्हणतो, विद्यापीठात जिचा स्वतंत्र विभाग असतो, तिचे बीज ते.

सावित्रीमाईंनी ही विद्या दोन ठिकाणी घेतली. एक नगरला मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे आणि दुसरी पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये. फॅरारबाईंविषयी थोडे सांगितले पाहिजे. ही अमेरिकन बाई अविवाहित. १८२७ च्या डिसेंबरात मुंबईच्या बंदरावर उतरली आणि मुलींच्या शाळांत गुंतली. १८३९ पासून नगरला राहिली आणि १८६२ साली तिथेच वारली. पस्तीस वर्षे परक्या मुलखात परक्यांच्या मुलींना शिकवण्यात घालवली. तिची नगरची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि पुण्याला परत येऊन मुलींची शाळा काढली, असे त्यांनी स्वतःच पुढे १८५३ च्या ज्ञानोदयात नमूद केले आहे. धर्मप्रसारासाठी ती आली होती हे उघड आहे. पण ज्यांच्या धर्मात आपण होतो त्यांनी आपल्यासाठी कोणते नॉर्मल स्कूल काढले होते? या प्रश्नाचे उत्तर आले तर बाकीचे बोलू.

सोळा-सतरा वर्षांची एक शूद्र घरातली सून, जिच्या माहेरी सासरी कोणत्याही बाईने अक्षर गिरवलेले नाही, ती परक्या धर्माच्या, परक्या भाषेच्या बाईसमोर बसून शिकवण्याचे शास्त्र शिकते. दगड झेलण्याइतकेच धैर्य याला लागते. दगड मारणारा समोर दिसतो तरी. इथे तर आपल्याच मनातल्या भीतीशी रोज सामना.

१८४८ साली बुधवार पेठेतल्या तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पहिल्या पटावर सहा मुली. चार ब्राह्मण, एक मराठा, एक धनगर. फुल्यांना ब्राह्मणद्वेष्टे म्हणणाऱ्यांनी हा पट एकदा वाचावा. (या वाड्याचे पुढे काय झाले? राष्ट्रीय स्मारकासाठी तो ताब्यात मिळावा म्हणून पुणे महापालिकेला भाडेकरूंशी तेरा वर्षे न्यायालयात झगडावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची याचिका फेटाळली आणि डिसेंबरात मोडकळीला आलेला वाडा पाडून जागा मोकळी झाली. आमच्या धंद्यात विलंब नवा नाही, पण या तारखा मोजताना मला वकील म्हणून शरम वाटली.)

१८४९ साली सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, लोकांच्या दडपणाखाली दोघांना घराबाहेर काढले. आसरा दिला उस्मान शेख यांनी, गंज पेठेत. त्यांच्या घरातल्या फातिमाबी सावित्रीमाईंच्या सोबतीण झाल्या, शिकवू लागल्या. अलीकडे कुणीतरी उठतो आणि फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही म्हणतो. १८५६ च्या १० ऑक्टोबरला नायगावहून, आजारपणातून उठलेल्या सावित्रीमाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपण नसल्यामुळे फातिमावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशी काळजी त्यात आहे. न झालेल्या बाईची काळजी कुणी करत नसते. पुराव्याच्या कायद्यात त्या काळच्या खाजगी पत्राला किती वजन असते, हे मी वकिली भाषेत सांगत बसत नाही.

घर सुटले तसे काम थांबले, पण फार काळ नाही. ३ जुलै १८५१ ला चिपळूणकरांच्या वाड्यात नवी शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली, मग बघता बघता अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी, पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. सावित्रीमाई मुख्याध्यापिका. इथे त्यांचे प्रशिक्षण कामाला आले. शाळेची जाहीर परीक्षा होई, बाहेरचे लोक येऊन मुलींना प्रश्न विचारीत. १२ फेब्रुवारी १८५३ ला पुण्यात झालेल्या परीक्षेला २३७ मुली बसल्या आणि पाहायला शहर लोटले. परीक्षा मुलींची होती तशी शिकवणाऱ्या बाईचीही होती. त्याआधी १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबाग वाड्यात मेजर कॅंडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सन्मान केला होता. शालजोडी एकाच्या खांद्यावर पडली, पण वर्गात दोघे उभे होते.

शाळांना दक्षिणा फंडातून महिना ७५ रुपये मदत मिळू लागली. पेशव्यांच्या काळात ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्यासाठी जो पैसा होता त्यातला हा तुकडा शूद्रांनी चालवलेल्या शाळेकडे वळला, हा इतिहासाचा न्याय मला फार आवडतो. सावित्रीमाई मात्र विनावेतन शिकवीत.

या विनावेतनाबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण आज त्याचा गैरवापर होतो. पगार न देणारे संस्थाचालक जयंतीला माईंच्या त्यागाचे दाखले देतात आणि दुसऱ्या दिवशी तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेच्या हातात तुटपुंजे पैसे ठेवतात. त्यांनी फुल्यांची १८८२ ची साक्ष काढून वाचावी. हंटर आयोगापुढे जोतीरावांनी स्पष्ट मागणी केली होती की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, वेळ पडली तर नांगर धरू शकतील, सुताराची हत्यारे चालवू शकतील असे असावेत, आणि त्यांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी असू नये, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. म्हणजे ज्या घरातल्या बाईने फुकट शिकवले त्याच घराने सरकारकडे शिक्षकाचा हक्काचा पगार मागितला. स्वतःचा त्याग स्वतः करायचा असतो, तो दुसऱ्याकडून करून घ्यायचा नसतो. आणि सरकारने काय केले? २००० साली शिक्षण सेवक योजना आणली, प्राथमिक शिक्षकाला महिना तीन हजार. ते सोळा हजार व्हायला २०२३ उजाडले.

महार-मांगांच्या मुलांसाठीही या दांपत्याने शाळा चालवल्या. त्या शाळांतल्या एका मुलीचे नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली तिचा निबंध ज्ञानोदयात दोन अंकांत छापून आला. वेद ज्यांचे आहेत ते आम्हाला ते पाहूही देत नाहीत, मग आमचा धर्म कोणता ते सांगा, असा त्या पोरीचा रोखठोक सवाल. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात जी घोषणा केली तिच्या ऐंशी वर्षे आधी हा सवाल पुण्यातल्या एका वर्गात तयार झाला. माझ्या दृष्टीने शिक्षकाच्या प्रशिक्षणाची परीक्षा हीच. शिकवणाऱ्याचेच शब्द घोकून दाखवणारी मुले कोणीही तयार करतो. समोरच्याला निरुत्तर करणारी मुलगी तयार करायला वेगळी विद्या लागते.

त्याच १८५५ साली जोतीराव-सावित्रीमाईंनी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झोप असते, हात जड झालेले असतात, त्याला शिकवायचे तर वेगळी युक्ती लागते. बारा तास उभे राहून आलेल्या चाकणच्या पोरांना आमच्या विहारात रविवारी कायदा समजावताना मला हे रोज जाणवते. दहा मिनिटांत जांभया सुरू होतात. पाटीवर पगाराची चिठ्ठी लिहून दाखवली, त्यात भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कुठे गेले ते विचारले, की सगळे जागे.

१८५४ साली काव्यफुले हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांच्या कवितेवर लिहिणारे जाणकार आहेत, मी त्या वाटेला जात नाही. मला त्यांची पत्रे जवळची वाटतात. त्यातले २९ ऑगस्ट १८६८ चे, नायगावहूनच लिहिलेले पत्र मी कितीदा वाचले असेल. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी. दोघांचे प्रेम, मुलगी सहा महिन्यांची गरोदर. गावाने दोघांना पकडले, धिंड काढली, मारून टाकायचे ठरवले. हे कळताच सावित्रीमाई धावत तिथे गेल्या. त्यांनी जमावाला नीतीचे प्रवचन दिले नाही. इंग्रज सरकारच्या कायद्याने खुनाची शिक्षा काय होते ते सांगितले. जमाव बिथरला आणि मागे सरला. दोघांनी गाव सोडावे एवढ्यावर निभावले आणि माईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिले. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली होती. म्हणजे कायदा जेमतेम साडेसहा वर्षांचा होता, आणि एका खेड्यात एक बाई त्याचा उपयोग जीव वाचवायला करत होती. सैराट पाहून डोळे पुसणाऱ्यांना हे पत्र माहीत नसते. आमच्या एलएल.बी.च्या तीन वर्षांत मला तरी हे कुणी सांगितले नाही.

दुसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, ओतूरहून, जुन्नरच्या. चाकणच्या कामगारांना ज्या पुणे-नाशिक रस्त्यावर रोज कोंडीत अडकावे लागते, तोच रस्ता पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत आळेफाट्याला जातो, तिथून डावीकडे माळशेजच्या रस्त्याने वळले की ओतूर. १८७६-७७ च्या दुष्काळात छत्तेचाळीस वर्षांच्या सावित्रीमाई त्या मुलखात सत्यशोधकांबरोबर फिरत होत्या. जनावरे मरून पडलेली, माणसे गाव सोडून निघालेली, सावकार आणि सत्यशोधक यांच्यात खटके उडालेले, सत्यशोधकांना अटक झालेली. माईंनी कलेक्टरशी बोलून आपली बाजू मांडली आणि कार्यकर्ते सुटले. वर्गात फळ्यासमोर उभी राहिलेली बाई आता सरकारी अधिकाऱ्यासमोर उभी होती. मला यात काही फरक दिसत नाही. समजावून सांगणे हेच काम, समोरचा कोण एवढेच बदलले.

मधल्या काळातल्या काही गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत म्हणून भराभर सांगतो. १८६३ ला बालहत्या प्रतिबंधक गृह. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे माईंनी आपल्या घरात केली. त्यातल्याच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवला, डॉक्टर केला. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह, भटाविना. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी अंत्यविधीच्या वेळी वाद उकरला, तेव्हा सावित्रीमाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या आणि अग्नी दिला. यशवंताच्या नावाने जोतीरावांनी १८८७ सालीच मृत्युपत्र करून ठेवले होते, ही दूरदृष्टी आपल्या घराघरांत यायला हवी. वस्तीतल्या निम्म्या घरांचे दावे केवळ एक कागद न केल्यामुळे माझ्याकडे येतात. १८९३ ला सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी सावित्रीमाई होत्या.

१८९७ ला पुण्यात प्लेग आला. यशवंतांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने पडला, त्याला सासष्ट वर्षांच्या माईंनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यातून त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

त्यानंतरचा इतिहास शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मिळतो. स्त्रियांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज पुण्यात निघाले १८७० मध्ये, माईंच्या प्रशिक्षणानंतर दोन दशकांनी. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ चे. बी.एड. ही पदवी या देशात प्रथम आंध्र विद्यापीठाने १९३२ साली दिली, एम.एड. मुंबई विद्यापीठाने १९३६ ला. पुणे विद्यापीठ १९४९ ला स्थापन झाले. हे सारे चांगलेच झाले. मग नव्वदच्या दशकापासून आणि विशेषतः दोन हजारनंतर या विद्येचे दुकान झाले. डी.एड.च्या देणगीसाठी लोकांनी शेताचा तुकडा विकला, बायकोची पोत मोडली. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला. २०१२ च्या अहवालात त्यातल्या फक्त ४४ संस्था अभ्यासक्रम चालवण्यास लायक ठरल्या. आणि २०१२ नंतर शिक्षक भरतीच जवळपास ठप्प झाली, ती कित्येक वर्षे. पोत मोडलेल्या बायकोला काय सांगायचे, याचे कलम कोणत्याही कायद्यात नाही.

२०१५ पासून बी.एड. एकाचे दोन वर्षांचे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम पुढे आणला. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बी.एड.धारक पहिली ते पाचवीला शिकवण्यास पात्र नाहीत. लहान मुलांना शिकवण्याची विद्या वेगळी आहे, हे तत्त्व बरोबरच आहे, माईंनाही ते पटले असते. फक्त ज्या मुलीने कालच्या नियमाप्रमाणे फी भरली तिच्या पायाखालची पायरी आज काढून घेतली जाते, आणि ज्यांनी फी घेतली त्यांना कुणी काही विचारत नाही. अवधी वाढतो तसा खर्च वाढतो. दोन वर्षे कमाईविना बसणे कामगाराच्या मुलीला किती जड जाते हे धोरण लिहिणाऱ्यांच्या घरात कळणे कठीण.

त्या मुलीने कागदपत्रांबरोबर आपली बी.एड.ची वही आणली होती. मी ती सहज चाळली. फ्रोबेल, माँटेसरी, जॉन ड्यूई, सगळ्यांवर पानेच्या पाने, सुंदर अक्षरात. सावित्रीबाई फुले यांच्यावर पाच मुद्दे, अर्धे पान. मी तिला विचारले की ज्या ड्यूईचे विचार तू पाठ केलेस त्याच्या वर्गात कोलंबियाला कोण बसत होते ते माहीत आहे का? तिला माहीत नव्हते. बाबासाहेबांचे नाव सांगितले तेव्हा ती चमकली. दोन वर्षांत तिला हे कुणी सांगितले नव्हते. दोष तिचा नाही. ज्याने सांगायचे त्यालाही बहुधा कुणी सांगितलेले नव्हते. शिकवण्याचे शास्त्र शिकवताना ते इथे कुणासाठी आले, कुणी ते शेतातून वाड्यात नेले, हे वगळले की उरते ते फक्त पाठ टाचण. पाठ टाचणही हवेच, मी त्याला नावे ठेवत नाही. तिच्या सराव पाठांची टाचणे मी पाहिली. महापालिकेच्या शाळेत सहावीच्या वर्गाला तिने अपूर्णांक शिकवले होते, भाकरीचे तुकडे घेऊन. शेवटी शेरा लिहिला होता की मागच्या बाकावरची दोन मुले उपाशी होती, त्यांचे लक्ष भाकरीवर होते, पुढच्या वेळी भाकरी जास्त आणावी.

नोटीस गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच अधिसूचना काढून मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे, शिष्यवृत्तीची थकबाकी हा संस्था आणि समाजकल्याण खाते यांच्यातला हिशोब आहे, विद्यार्थिनीला त्यात ओलीस धरता येत नाही, एवढेच मी लिहिले. बाराव्या दिवशी संस्थेतून फोन आला, कागद घेऊन जा म्हणून. ती मुलाखत तोवर हुकली होती. मुलगी अजून महाळुंग्यालाच जाते आहे आणि पुढच्या भरतीसाठी पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसली आहे.

दरम्यान आमच्या विहारात दर रविवारी सकाळी दहाला ती टीईटीचा वर्ग घेते. कारखान्यांत जाणाऱ्या अकरा मुली आणि तीन मुले येतात. दुसऱ्या पाळीची मुले साडेबाराला उठून जातात, त्यांच्यासाठी तिने गणित आधी ठेवले आहे. ज्यांची मूळ प्रमाणपत्रे कुठे अडकली असतील त्यांनी प्रवेशाची पावती, शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन त्याच वेळेला यावे. मी तिथेच असतो.